व्हॅटिकनचे ‘गुप्त’ कागद: त्या मेसेजमधला एकेक दावा तपासून पाहू

एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरून परत येतो. यंदा तो माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला, म्हणून एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. त्यात थोडक्यात म्हटलंय ते असं: व्हॅटिकनमध्ये ८५ किलोमीटर लांबीची गुप्त कपाटं आहेत आणि तिथे बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या नावाचं खोटं दानपत्र चर्चने हजार वर्षं खरं म्हणून खपवलं आणि त्याचं बिंग फुटू दिलं नाही. गॅलिलिओच्या खटल्याचे कागद आजही बंद आहेत. जे छापलं गेलं ते पाद्र्यांनी सोयीने बदलून छापलं, आणि लॅटिन त्यांच्याशिवाय कोणाला येत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. शेवटी आपल्याकडची ओळ: गोव्याचे जुने कागदही असेच रोमला नेऊन दडवले.

चर्चची वकिली करायला मी बसलेलो नाही. चर्चच्या हातून काय काय घडलं हे आपल्याला तपशिलाने माहीत आहे ते याच कागदांमुळे, आणि ते कागद पिढ्यान्‌पिढ्या बसून वाचणाऱ्या, जुळवणाऱ्या, छापणाऱ्या माणसांमुळे. हा मेसेज त्या माणसांचं सगळं काम एका फटक्यात पुसून टाकतो. माझा राग त्यावर आहे.

सुरुवात नावापासून करू. ‘आर्किव्हुम सेक्रेतुम’ या लॅटिन नावातला ‘सेक्रेतुम’ म्हणजे वेगळं काढून ठेवलेलं, खासगी. पोपचं स्वतःचं दफ्तर, एवढाच त्याचा अर्थ. राजाचा खासगीकडचा कारभार असतो तसं. ‘सेक्रेटरी’ हा शब्दही त्याच घरातला. पोप लिओ तेरावे यांनी १८८१ मध्ये हे दफ्तर अभ्यासकांना खुलं केलं. नावावरून गैरसमज होतात म्हणून २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘सेक्रेतुम’ काढून ‘अपोस्तोलिकुम’ केलं. ८५ किलोमीटरचा आकडा खरा आहे, पण ती फळ्यांची एकूण लांबी आहे. पर्यटक म्हणून आत जाता येत नाही, हेही खरं. विद्यापीठीय पात्रता आणि शिफारसपत्र लागतं. धर्माची अट नाही. आणि सगळंच खुलं आहे असंही नाही: पोप पायस बारावे यांच्या काळातले, म्हणजे १९३९ ते १९५८ चे कागद मार्च २०२० मध्ये उघडले, त्यापुढच्या बहुतेक कागदांची पाळी अजून आलेली नाही. या उशिरावर टीका जरूर करावी, इतिहासकार ती करतातच. पण १९५८ नंतरचे कागद मिळत नाहीत, याचा अर्थ आठव्या शतकातले लपवलेत असा होत नाही.

आता दानपत्र. मेसेज लिहिणाऱ्याने सगळ्यात चुकीचं उदाहरण निवडलंय ते हे. चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाइनने पोप सिल्व्हेस्टरला रोम आणि पश्चिमेकडचे प्रांत बहाल केले, असं हे दानपत्र सांगतं. ते बनावट आहे, आठव्या-नवव्या शतकात कोणीतरी रचलेलं. चर्चने त्याचा वापर केला, हेही खरं. पण बिंग हजार वर्षं फुटलंच नाही? १००१ मध्येच सम्राट ऑटो तिसरा याने स्वतःच्या सनदेत ते खोटं असल्याचं म्हटलं. १४३३ मध्ये कूसाच्या निकोलसने त्यावर शंका घेतली, आणि हा निकोलस पुढे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, झाला. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने दानपत्राचा शब्दन्‌शब्द सोलून काढला.

वाल्लाची पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. दानपत्रात कॉन्स्टंटिनोपलचा उल्लेख धर्मपीठ म्हणून येतो. वाल्ला विचारतो, जे शहर तेव्हा वसलेलंच नव्हतं, त्याचं धर्मपीठ आलं कुठून? दुसरी जागा तर आपल्या माणसांना ऐकताक्षणी ओळखीची वाटेल. सम्राट म्हणतो की हा निर्णय त्याने आपल्या ‘सत्रपांसह’ घेतला. रोमच्या सभेत सत्रप कधी कोणी ऐकलेत, असं वाल्ला विचारतो. हा ‘सत्रप’ म्हणजे आपला ‘क्षत्रप’, दोन्हींचं मूळ जुन्या इराणी भाषेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाच्या काळचे लेख आहेत, तिथला क्षत्रप. नाशिकच्या शिलालेखात तो शब्द आपल्या जागी आहे. रोमच्या सम्राटाच्या तोंडी तो घातला की बनाव उघडा पडतो. एका शब्दाचं वय आणि मुलूख माहीत असला की खोटी सनद पकडता येते, हे वाल्लाने दाखवून दिलं.

त्याला त्रास झाला. नेपल्समध्ये त्याची धर्मन्यायासनापुढे, म्हणजे धर्माविरुद्ध मतांचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयापुढे (इन्क्विझिशन), चौकशी झाली आणि राजा अल्फोन्सोमुळे तो वाचला. सोळाव्या शतकात त्याचं पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीतही गेलं. हे सगळं मेसेजच्या बाजूने धरा हवं तर. पण तोच वाल्ला १४४८ पासून पोपच्या कचेरीत नोकरीला होता, आणि चर्चचा अधिकृत इतिहास लिहिणाऱ्या कार्डिनल बारोनियसने सोळाव्या शतकाच्या अखेरीस दानपत्र बनावट असल्याचं मान्य केलं. ज्यांना मूळ मजकूर बघायचाय त्यांच्यासाठी होर्स्ट फुरमान यांनी १९६८ मध्ये त्याची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे उपलब्ध हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, काढली. ती ज्या संस्थेच्या मालेत निघाली ती ‘मोनुमेंटा जर्मनिए हिस्टोरिका’ १८१९ मध्ये स्थापन झाली. तिचे जुने खंड आज घरबसल्या फुकट वाचता येतात, ऑटोची ती सनदही.

गॅलिलिओच्या कागदांची गोष्ट गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यात मेसेजवाल्यांच्या बाजूचा एक मुद्दा आहे. नेपोलियनने १८१० च्या सुमारास हे दफ्तर पॅरिसला नेलं. परत आणताना खर्च परवडेना म्हणून कितीतरी कागद तिथेच रद्दीच्या भावाने गेले. रोमच्या धर्मन्यायासनाची काही बाडं आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत ती याच उलथापालथीतून गेलेली. गॅलिलिओच्या खटल्याची फाईल १८४३ मध्ये परत आली. १८५० मध्ये दफ्तराचेच प्रमुख मारिनो मारिनी यांनी तिच्यातले निवडक उतारे छापले. निवडक, आणि चर्चच्या सोयीचे. याला सोयीने छापणंच म्हणतात, मी ते नाकारत नाही. पण पुढे काय झालं? १८६७ मध्ये आंरी दलेपिन्वा या फ्रेंच अभ्यासकाने त्या फाईलमधले कागद बऱ्याच विस्ताराने छापले, आणि मारिनींनी काय गाळलं होतं ते जगाला दिसलं. नंतर आंतोनियो फावारो यांनी गॅलिलिओच्या समग्र वाङ्मयाच्या २० खंडांत, १८९० ते १९०९ दरम्यान, खटल्याचे कागदही घेतले.

ते छापले गेल्यामुळे काय साधलं, ते एका कागदावरून सांगतो. २६ फेब्रुवारी १६१६ ची एक नोंद फाईलमध्ये आहे. पृथ्वी फिरते हे मत ‘क्वोविस मोदो’, म्हणजे कोणत्याही प्रकारे, धरायचं नाही, शिकवायचं नाही, मांडायचं नाही, असं गॅलिलिओला बजावल्याचं ती सांगते. १६३३ च्या खटल्यात हीच नोंद त्याच्या अंगावर आली. त्यावर त्याने कार्डिनल बेलार्मिनोचा मे १६१६ चा दाखला पुढे केला, त्यात हे दोन शब्द नाहीत. आणि मूळ नोंदीवर ना गॅलिलिओची सही, ना साक्षीदारांची. मग १८७० मध्ये एमिल वोहलविल या जर्मन अभ्यासकाने प्रश्न केला: ही नोंद मागाहून घुसडली तर नाही? कागद, अक्षर, पानांचा क्रम सगळं तपासलं गेलं. नोंद त्या काळचीच आहे असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. पण तिला कायद्याचं बळ किती, त्या दिवशी त्या खोलीत नेमकं काय बोललं गेलं, यावर वाद अजून चालू आहे. दोन लॅटिन शब्दांवर दीडशे वर्षं वाद चालतो, कारण ते शब्द सगळ्यांसमोर छापलेले आहेत. कागद बंद असते तर वाद घालणार कशावर?

‘सोयीने बदलून छापलं’ याचं उत्तर चिकित्सक आवृत्तीचं कुठलंही एक पान उघडलं की मिळतं. वर संहिता, समासात ओळींचे आकडे, खाली बारीक अक्षरांत पाठभेद: अमुक पोथीत हा शब्द आहे, तमुकीत तो गाळलाय, तिसरीत कोणीतरी खोडून वर दुसरा लिहिलाय. संपादकाने चूक केली तर ती पकडायचं साहित्य त्याच पानावर तळाला असतं. मराठी वाचकाला हे नवीन वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ हस्तलिखितं जमेला धरून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली ती याच शिस्तीने. तिचे प्रमुख संपादक वि. स. सुकथनकर बर्लिनला शिकले होते आणि ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर घडलेली पाठचिकित्सा त्यांना पक्की ठाऊक होती. पुण्यातली आवृत्ती आपण अभिमानाने मिरवतो, मग तीच शिस्त लॅटिनमध्ये दिसली की कटाचा वास का यावा?

आणि संपादक पाद्री असला म्हणून तो गप्प बसतो, हेही खरं नाही. संतचरित्रांचे पुरावे तपासणाऱ्या ‘बोलांडिस्ट’ नावाच्या गटातल्या जेझुइट पाद्र्यांनी १६४३ पासून खंड काढायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या पापेब्रोखने लिहिलं की कार्मेलाइट हा साधूंचा संघ बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याने स्थापन केल्याला पुरावा नाही. त्यावर स्पेनच्या धर्मन्यायासनाने १६९५ मध्ये त्यांचे खंड निषिद्ध ठरवले. याच पापेब्रोखने जुन्या फ्रेंच मठांच्या सनदांवर अतिरेकी संशय घेतला, तेव्हा झाँ माबियों या बेनेडिक्टाइन साधूने १६८१ मध्ये सनदा कशा तपासाव्यात याचा अख्खा ग्रंथच लिहिला. पापेब्रोखने तो वाचून आपली चूक कबूल केली आणि माबियोंचं पत्राने अभिनंदन केलं. विरोधकाचा पुरावा वाचून मत बदलणं आपल्या ग्रुपवर किती वेळा पाहिलंत?

लॅटिन फक्त पाद्र्यांना येतं, हा मुद्दा लांबवण्याइतका नाही. वर ज्यांची नावं आली त्यातले फावारो विद्यापीठात शिकवणारे, गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक होते, पाद्री नव्हते.

राहता राहिला गोवा, आणि इथे मला मनापासून वाईट वाटतं. गोव्याचं धर्मन्यायासन १५६० ते १८१२ पर्यंत चाललं, मध्ये काही वर्षं बंद होतं. त्याच्या खटल्यांची बहुतेक बाडं नष्ट झाली. कुठे दडवलेली नाहीत, नष्ट झाली, आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसांचे जबाबही गेले. ‘रोममध्ये लपवलंय’ असं म्हटलं की कधीतरी मिळेल अशी आशा राहते. ती खोटी आहे.

जे उरलं त्यातलं पुष्कळ छापलेलं आहे. जेझुइटांची हिंदुस्थानातली सोळाव्या शतकातली पत्रं योझेफ विकी यांनी १९४८ ते १९८८ अशी चाळीस वर्षं खपून १८ खंडांत काढली. त्यावर खरा आक्षेप आहे तो वेगळाच. ही एका बाजूची पत्रं आहेत. १५८३ मध्ये गोव्यातल्या कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले, त्याची हकिकत मिशनऱ्यांच्या तोंडून मिळते. पुढे ज्या गावकरांना पोर्तुगीजांनी मारलं, त्यांचं स्वतःच्या शब्दांतलं काही त्यात नाही. आक्षेप घ्यायचाच तर इथे घ्या.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यातल्या साष्टीतून पॅरिसमधल्या आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहितो. तेही विकींच्या खंडांत आहे. इथल्या भाषा पुष्कळ आहेत, कानाला गोड आहेत आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं तो भावाला कळवतो. तेहेतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, त्याचं मराठी ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपण ते वाचू शकतो, कारण लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या होत्या आणि १९०७ मध्ये मंगळुरात जोसेफ सालढाणा यांनी त्या शेजारी शेजारी ठेवून, ओळ न्‌ ओळ ताडून छापल्या.