परवानगी एकदा दिली की संपलं का?

काल रात्री मोबाइलचा टॉर्च लावून चेरीच्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचत होते. रंग (१२७). म्हणजे एरिथ्रोसिन. चेरीचा तो भडक लाल रंग याचाच.

अमेरिकेत याला रेड ३ म्हणतात. नर उंदरांना मोठ्या प्रमाणात दिल्यावर थायरॉइडच्या गाठी झाल्या, म्हणून १९९० मध्ये तिथे लिपस्टिकसारख्या सौंदर्यप्रसाधनांत तो बंद झाला. खाण्यात मात्र चालूच राहिला! प्राण्यांमध्ये कर्करोग करणारा रंग अन्नात घालायचा नाही, हा तिथला कायदा १९६० चा. तरी अन्नातली परवानगी रद्द व्हायला जानेवारी २०२५ उजाडलं, आणि तो काढून टाकायला कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत. उंदरांत जे घडतं ते माणसात तसं घडत नाही, असं तिथलं अन्न व औषध प्रशासनच सांगतं. मान्य. पण मग एकाच पदार्थाला पस्तीस वर्षं दोन न्याय का?

'तिकडे बंदी आहे, आपण विष खातोय' अशा याद्या सारख्या येतात. मी त्या पुढे पाठवत नाही. युरोप कडक आणि अमेरिका ढिली, इतकं हे सरळ नाहीच. अमरंथ हा लाल रंग अमेरिकेत १९७६ पासून बंद आहे, युरोपात काही मोजक्या पदार्थांत चालतो. सायक्लामेट या गोडीच्या पदार्थाचंही तसंच.

खरा फरक संशयाचा फायदा कुणाला द्यायचा, यात आहे. टायटॅनियम डायऑक्साइड घ्या, गोळ्या-च्युइंगमला पांढरंशुभ्र करणारा. तो जनुकांना इजा करत नाही असं खात्रीनं म्हणता येत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२१ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये तो अन्नातून बंद झाला. ब्रिटन आणि कॅनडाच्या तज्ज्ञांना मात्र बंदीइतका पुरावा दिसला नाही. मुलं रोज चघळतात अशा वस्तूत निव्वळ पांढरेपणासाठी घातलेला पदार्थ असेल, तर संशयाचा फायदा खाणाऱ्यालाच मिळायला हवा. पीठ टिकवणारा, जंतू रोखणारा पदार्थ असता तर मी थोडा वेगळा विचार केला असता.

आणि जुन्या परवानग्या पुन्हा तपासा. २० जानेवारी २००९ पूर्वी मंजूर झालेले, अन्नात मिसळायचे असे सगळे पदार्थ युरोपनं फेरतपासणीला घेतले. काम रखडत चाललंय, पण चाललंय. अमेरिकेत तर एखादा घटक 'सर्वसाधारणपणे सुरक्षित' आहे, हा निर्णय कंपनी स्वतःच घेऊ शकते, सरकारला न कळवता. मला हे अजिबात पटत नाही. आणि बाटलीवर नुसतं १२७ नको, एरिथ्रोसिन असं नाव हवं, टॉर्चशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात.