तेल निम्म्यावर, तिकीट दुप्पट? थोडं गणित करू

"2008 मध्ये कच्चं तेल पिंपाला 147 डॉलर, आज 68. तरी विमानाचं तिकीट दुप्पट! लूट ओळखा, पुढे पाठवा." दिवाळीच्या तोंडावर हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला आणि तिसऱ्या वेळी मोठ्या बाबांना पटला. त्यातला शेवटचा सल्ला असा: कंपनीला रिकामी सीट परवडत नाही, म्हणून तिकीट आदल्या दिवशी काढा, निम्म्यात मिळतं. महिनाभर आधी नागपूर-पुणे 6,200 ला दिसत होतं. विजेच्या बिलामागे त्यांनी तो आकडा लिहिला, खाली "अर्धे = 3,100". आदल्या रात्री मोजले 17,800.

म्हणून आधी हाच मुद्दा. रिकामी सीट कंपनीला नको असते, हे खरंच. पण वैमानिकाचा पगार, कंपनीने भाड्याने घेतलेल्या विमानाचं भाडं, बरंचसं इंधन हे सीट भरली काय, न भरली काय, जवळपास तेवढंच लागतं. उतरण्याचं शुल्कसुद्धा विमानाच्या कमाल वजनावर लागतं, माणसं मोजून नाही. त्यामुळे कंपनी सुरुवातीला स्वस्तात विकून विमान भरत आणते आणि शेवटच्या सीटा अडलेल्या माणसासाठी ठेवते. ज्याला उद्या पोचायचंच आहे तो देतो. आपले ट्रॅव्हल्सवाले वेगळं काय करतात? लक्ष्मीपूजनाला डिझेल महाग होत नाही, पुण्याच्या स्लीपरचं भाडं मात्र होतं. ही अडवणूक आहे, मान्य. पण तिचा तेलाशी संबंध नाही.

आता तेल. ते डॉलरमध्ये येतं, तिकीट रुपयात विकलं जातं. जुलै 2008 मध्ये डॉलर 43 रुपयांच्या आसपास होता: 147 गुणिले 43, म्हणजे 6,321 रुपये पिंप. सप्टेंबर 2025 मध्ये डॉलर 88 वर: 68 गुणिले 88, म्हणजे 5,984. निम्मं कुठे गेलं? शिवाय 147 हा काही दिवसांचा उच्चांक होता. त्याच डिसेंबरात तेल 40 च्या खाली आलं होतं. मेसेजवाल्याने सोयीचा आकडा निवडून घेतलाय. वर विमानाचं इंधन जीएसटीबाहेर, म्हणजे राज्याचा व्हॅट. पुण्यात तो 25 टक्के होता, 2023 मध्ये 18 झाला.

"विमान एकदा घेतलं की फुकट" असंही लोक म्हणतात, याला काय उत्तर द्यायचं? आपल्याकडची बहुतेक विमानं भाड्याची आहेत, भाडं डॉलरमध्ये, आणि इंजिन बिघडून विमान उभं राहिलं तरी ते चढतच राहतं. "मिहानमध्ये (नागपूर विमानतळाजवळच्या प्रकल्पात) विमानांची दुरुस्ती होते, मग नागपूरकरांना स्वस्त हवं" हे तर कहरच. सुटे भाग बाहेरूनच येतात ना बाप्पा! वर्धा रोडला गॅरेज आहे म्हणून तिथला ऑटोवाला कमी घेतो का?

लुटीचा आकडाच हवा तर आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा घ्या. जून 2025 चा तिचा अंदाज: प्रवाशामागे निव्वळ नफा 7.20 डॉलर, सव्वासहाशे रुपयांच्या घरात. संघटना त्यांचीच, म्हणून हवं तर दुप्पट धरा.

मोठ्या बाबांचं परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही. "थांब, उतरेल," म्हणतात. आज संध्याकाळी मीच काढतो.