पाठीतल्या इंजेक्शनने कंबर जात नाही

गरोदर बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. ‘सिझेरियनला पाठीत इंजेक्शन घेऊ नका. सुई मणक्यात घुसवतात, मज्जारज्जूला लागते. औषध आत साचून राहतं आणि कंबर जन्मभर दुखते. पूर्ण भूलच मागून घ्या. घेतलंच इंजेक्शन, तर २४ तास उशी नको, डोकं उचलायचं नाही.’ मी भूलतज्ज्ञ आहे. टेबलावर बसलेली, बाळाच्या काळजीने आधीच थरथरणारी बाई जेव्हा ‘कंबर जाईल ना हो माझी?’ असं विचारते, तेव्हा या मेसेजचा मला मनापासून राग येतो.

आधी सुईचं बघू. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. आम्ही टोचतो ते त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या नाहीतर चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत. हाडात नाही, फटीत. ‘हनुवटी छातीला लावा, पाठ बाहेर काढा’ असा आमचा घोशा चालतो तो ती फट उघडावी म्हणूनच. सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. हल्ली टोक पेन्सिलीसारखं असतं, ते मज्जारज्जूच्या द्रवाने भरलेल्या आवरणाचे धागे कापण्याऐवजी बाजूला सारतं. आवरणातून आत जाताना बोटांना हलकी टक जाणवते, मधली तार काढली की सुईच्या मागच्या तोंडाशी त्या द्रवाचा पाण्यासारखा स्वच्छ थेंब येतो. तो थेंब दिसल्याशिवाय औषध द्यायचं नाही.

कायमची इजा कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने सुमारे ७ लाख स्पायनल (म्हणजे वर सांगितलेलं सिझेरियनचं इंजेक्शन) आणि एपिड्युरल (कळा कमी करण्यासाठी पाठीतच, पण आवरणाच्या बाहेर औषध सोडणारं) इंजेक्शनांचा हिशेब मांडला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. शंकेची प्रत्येक केस धरली तरी कायमची इजा लाखामागे चार जणांच्या आसपास निघाली. बाळंतपणासाठी इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये त्याहूनही कमी.

औषध साचून राहण्याचं म्हणाल, तर ते असतं दोनेक मिलिलिटर बुपिव्हाकेन नावाचं बधिर करणारं औषध. ते मज्जातंतूंतले सोडियमचे दरवाजे काही काळ अडवतं, मग रक्तात जातं आणि यकृतात त्याचं विघटन होतं. दोन-तीन तासांनी पायाची बोटं हलायला लागतात, म्हणजे औषध निघून चाललंय.

आता खरा मुद्दा, कंबरदुखी. बायका खोटं बोलत नाहीत, कंबर दुखतेच. पण कुणाची दुखते ते बघा. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर एक-दोन महिन्यांनी बायकांना विचारलं. एपिड्युरल घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांची पाठ दुखत होती आणि न घेतलेल्यांपैकी ४५ टक्क्यांची. एपिड्युरलची सुई तर स्पायनलच्या सुईपेक्षा दुपटीहून जाड असते.

मग हा समज आला कुठून? १९९० च्या एका ब्रिटिश अभ्यासात एपिड्युरल घेतलेल्या जास्त बायकांनी कंबरदुखी सांगितली होती. पण तो पोस्टाने पाठवलेल्या प्रश्नावलीवर, मागचं आठवून सांगण्यावर उभा होता. २००२ मध्ये ब्रिटनमधलाच दुसरा अभ्यास आला. त्यात ३६९ जणींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं, एकीकडे एपिड्युरल, दुसरीकडे वेदना कमी करण्याचे इतर उपाय, आणि सरासरी २६ महिन्यांनी तपासलं. दोन्ही गटांच्या कंबरदुखीत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

टोचल्या जागी चार दिवस ठणकतं, हे खरं. एपिड्युरलची जाड सुई चुकून आतल्या आवरणातून गेली, तर त्या बायकांमध्ये पुढे डोकेदुखी आणि पाठदुखी जास्त टिकल्याचं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय, हेही खरं. असं क्वचित होतं, पण झालं तर त्या बाईला स्पष्ट सांगायला हवं आणि नंतरही तिची विचारपूस ठेवायला हवी.

बाकीच्यांची कंबर दुखते त्याची कारणं उघड आहेत. नऊ महिने पोट पुढे, कमरेला बाक, सांधे सैल, पोटाचे स्नायू ताणून ढिले झालेले. दोन वर्षं ‘त्या इंजेक्शनमुळे’ म्हणून दुखणं सोसत आलेल्या एकीला मी म्हटलं, बाळाला उचलून दाखवा. गुडघे ताठ ठेवून, कमरेतून वाकून तिने अकरा किलोचं बाळ एका हातावर घेतलं. तिला व्यायाम हवे होते, ते कुणी सांगितलेच नव्हते. दोष इंजेक्शनवर टाकला की उपचार थांबतो, माझी खरी तक्रार ही आहे.

‘पूर्ण भूल मागा’ हा सल्ला तर धोक्याचा आहे. गरोदरपणात घशाला सूज असते, नळी घालणं अवघड जातं, पोटातलं फुफ्फुसात जाण्याची भीती असते आणि भुलीचं औषध बाळापर्यंतही पोचतं. रक्त गोठत नसेल, रक्तस्राव फार असेल किंवा एक मिनिटही हातात नसेल, तेव्हा आम्ही स्वतःच पूर्ण भूल देतो.

राहिली उशी, म्हणजे डोकेदुखीची भीती. जर्मन सर्जन ऑगस्ट बीयर यांनी १८९८ मध्ये स्पायनल भूल दिली, तेव्हा स्वतःवरच्या प्रयोगानंतर त्यांचंच डोकं कित्येक दिवस दुखलं. बसलं-उठलं की ठणकणारी आणि आडवं झालं की ओसरणारी ही डोकेदुखी आवरणाला सुईने पडलेल्या छिद्रातून द्रव झिरपल्याने होते. निपचित पडून राहिल्याने ती टळत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलंय. सुईचं टोक बदललं की फरक पडतो. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ११० अभ्यास एकत्र करून पाहिले, तर जुन्या कापणाऱ्या सुईने ११ टक्क्यांना डोकेदुखी झाली होती, पेन्सिलटोकी सुईसारख्या न कापणाऱ्या सुयांनी ४.२ टक्क्यांना. तेव्हा खुशाल उशी घ्या. आणि ऑपरेशनआधी ‘सुई पेन्सिल टोकाची आहे ना?’ असं विचारा, मला तरी या प्रश्नाचा आनंदच होईल.

पण इंजेक्शननंतर पाठदुखीसोबत ताप आला, पायातली ताकद गेली, मांडीच्या आत बधिर वाटलं किंवा लघवी अडली, तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.