ओढ्याच्या कडेने उतरू नका

“सह्याद्रीत वाट चुकलात? हे चार उपाय जीव वाचवतील” हा मेसेज आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन गेला होता, तेव्हा मी सोडून दिला. काल तोच ऐरोलीच्या भाच्याने पाठवला. “मामा, याची प्रिंट काढून सगळ्यांना देतोय.” पोरं भीमाशंकरहून आहुपे, दुर्ग, ढाकोबा करत नाणेघाटापर्यंत सलग चालणार आहेत, मुक्कामाचं सगळं सामान पाठीवर घेऊन. आता गप्प बसवत नाही.

पहिला उपाय: “ओढा शोधा आणि त्याच्या कडेने उतरत राहा, गाव लागतंच.” घाटमाथ्याच्या कोकणाकडच्या बाजूला हा सल्ला माणसं मारेल. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय. टणक बेसॉल्टचा थर उभा कडा होऊन राहतो, मधला ठिसूळ थर झिजतो आणि तिथे पदर, म्हणजे दोन कड्यांमधली सपाटीची पट्टी, तयार होतो. पश्चिमेला जाणारे ओढे कड्यावरून पदरात, पदरातून पुढच्या कड्यावरून असे कोसळत मुरबाडकडे उतरतात. वरून यातलं काही दिसत नाही. सुरुवातीला उतार सोपा, झाडी दाट. मग दहा-बारा फुटांचा टप्पा येतो. सॅक खाली टाकून, घसरत तो उतरता येतो, पण त्याच गुळगुळीत कातळावरून परत चढता येत नाही. पुढे काही अंतरावर धबधब्याचा माथा. तिथे वाट संपते, मागचा टप्पा बंद झालेला असतो आणि घळीत मोबाइलला रेंज नसते. शोधायला आलेल्यांनी वरून हाक मारली तरी ती ऐकू येईलच असं नाही.

यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. पूर्वेकडचे ओढे सौम्य उताराने देशावर जातात. आहुप्याच्या परिसरातून घोड नदी निघते, नाणेघाटाजवळच्या डोंगरांतून कुकडी. त्यांच्या खोऱ्यांत वाड्यावस्त्या आहेत. पण धुक्यात, अंधार पडताना, समोरचा ओढा कुठल्या बाजूचा हे वाट चुकलेल्याने ओळखायचं कसं? “नाणेघाटही नाळेतूनच, म्हणजे अशाच घळीतून, उतरतो की” असं कुणी म्हणेल. तो सातवाहनांच्या काळापासून वापरातला, माणसांनी खोदून फरसबंदी केलेला व्यापारी मार्ग आहे. कुठल्याही घळीला तो न्याय लावू नका.

चुकलात तर खात्रीच्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे फिरा. ती सापडत नसेल तर कड्यापासून लांब, मोकळ्या जागी थांबा, ११२ हा आपत्कालीन नंबर लावून बघा, शिट्टी वाजवत राहा. अंधारात एक पाऊलही उतरू नका.

दुसरा उपाय साप चावल्यावर वर करकचून दोरी बांधायचा आणि ब्लेडने चीर द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सर्पदंशावरच्या मार्गदर्शक सूचना या दोन्हींना स्पष्ट नकार देतात. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, म्हणजे तुम्ही दिलेली चीर वाहतच राहणार. दंश झालेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत न्या आणि प्रतिविष मिळेल असं रुग्णालय गाठा. कुठल्या गावातून गाडी मिळेल हे निघण्याआधीच विचारून ठेवायचं.

“वाहतं पाणी शुद्धच असतं.” नाही. माथ्यावर गुरं चरतात. उकळून घ्या.

“मोबाइलमध्ये ट्रॅक असेल तर वाटाड्या लागत नाही.” ट्रॅक, म्हणजे आधी कुणी चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद, जरूर घ्या, ऑफलाइन नकाशाही घ्या, माझ्याकडेही असतो. पण पावसाळ्यात खचलेली वाट त्याला माहीत नसते, गावातल्या माणसाला असते. भाच्याला मी सांगितलंय, आहुप्याहून पुढे दुर्ग-ढाकोबाच्या पट्ट्यासाठी तिथलाच माणूस सोबत घ्या, त्याला योग्य पैसे द्या, आणि रोज संध्याकाळी मुक्काम कुठे पडणार ते त्याच्या आणि आपल्या घरी कळवून ठेवा.