सत्तर रुपयांचा एक चेंडू

आमच्या घरात एक वही आहे. दूध, पेपर आणि गॅस सिलिंडर यांच्यासाठी ती सुरू झाली, पण तिची मागची पानं हळूहळू माझ्या नावावर झाली. तिथे मी घेतलेला आणि चार दिवस चालवलेला व्यायामाचा सायकलघोडा आहे, बुटीबोरीकडच्या एका प्लॉटचं टोकन आहे, आणि 23 सप्टेंबर 2022 या तारखेखाली लाल शाईत एक भागाकार आहे : 6,440 भागिले 92 बरोबर 70. अक्षर बायकोचं.

त्या शुक्रवारी नागपूरबाहेरच्या जामठ्याच्या स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया टी-20 होती. तिकिटं मिळाल्याचं मी घरी सांगितलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "टीव्हीवर दिसतं की सगळं." या वाक्यावर नवऱ्याजवळ उत्तर नसतं. माहौल, थरार, आठवणी असं काहीतरी पुटपुटून मी मोज्यांच्या शोधात निघून गेलो.

सासऱ्यांनी मात्र रीतसर हरकत घेतली. "जावईबापू, जामठ्याला जाऊ नका. ते ग्राउंड आपल्याला लाभत नाही." त्यांच्याकडे पुरावे होते. 2011च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तेंडुलकर शंभरी मारून गेला, 1 बाद 267 वरून आपण 296 मध्ये आटोपलो आणि सामना घालवला. 2016च्या टी-20 वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडला 126 वर थोपवलं आणि स्वतः 79 मध्ये गारद झालो. खरं ग्राउंड म्हणजे शहरातलं, सिव्हिल लाइन्सचं जुनं, असं त्यांचं मत. 31 ऑक्टोबर 1987 ला ते तिथे हजर होते. गावस्करची वन-डेमधली एकुलती एक शंभरी आणि चेतन शर्माची हॅटट्रिक एकाच दिवशी. "तीनही बोल्ड! आणि गावस्करच्या अंगात ताप!" हे सांगताना त्यांच्याच अंगात ताप भरतो. लग्नाआधी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही हॅटट्रिक झाली होती. पोहे नंतर आले.

बरोबर आमचे चिरंजीव. वय चौदा, धर्म फुटबॉल. ते क्रिकेटला माझ्यावर उपकार म्हणून आले. निघताना त्यांनी विचारलं, "बाबा, किती वेळ चालते?" मी म्हटलं, चाळीस षटकं, दोनशे चाळीस चेंडू, भरपूर. हा आकडा मी बोलायला नको होता, कारण वहीवाली दारातच उभी होती.

मेट्रो खापरीला संपते आणि जामठा त्याच्याही पुढे, म्हणून गाडी काढली. सामना सातचा, आम्ही तीनला निघालो. छत्रपती चौकापासून वर्धा रोड जो भरला तो भरलाच. डाव्या गाडीतली माणसं आणि आम्ही इतका वेळ शेजारी होतो की चिंचभुवनपर्यंत त्यांच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय ते मला कळलं होतं. पार्किंग म्हणजे एक रिकामं शेत. नुकताच पाऊस झालेला, पण ऊन पडलं होतं आणि वरून जमीन वाळलेली दिसत होती. विदर्भात जन्मलेल्या माणसानं काळ्या मातीच्या वरच्या पापुद्र्यावर विश्वास ठेवावा, यापरता गाढवपणा नाही. मी ठेवला.

बायकोनं सोबत डबा दिला होता. चौदा तिखट पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. गेटवर कळलं की डबा आत जात नाही. पाण्याची बाटली नाही, पॉवर बँक नाही, छत्री नाही. नियम नियमासारखा होता, त्याच्यावर राग नाही. पण घरचा डबा तसाच टाकून द्यायची हिंमत निदान आमच्या घराण्यात नाही. मी आणि पोरगा कठड्याला टेकून, निळे टी-शर्ट घालून, गालावर चाळीस रुपयांचा तिरंगा रंगवून उभ्या उभ्या पुऱ्या खाऊ लागलो. नवव्या पुरीला पोरानं हात वर केले. तीन पुऱ्या बंदोबस्तावरच्या एका हवालदारसाहेबांनी घेतल्या, लोणच्यासकट. "वहिनीले सांगा, मस्त झाल्या," ते म्हणाले. उरलेल्या दोन मी देशाचा विचार करून गिळल्या. तहान लागली तेव्हा बाटली बाहेरच राहिली होती.

आत गेलो आणि मला मान्य केलंच पाहिजे, जिन्यावरून वर येऊन ते हिरवं मैदान एकदम डोळ्यांसमोर आलं की पोटात काहीतरी हलतं. पुऱ्या धरूनही. टीव्हीवर ते हिरवं इतकं हिरवं नसतं.

फक्त ते ओलं होतं. साडेसहाला टॉस व्हायचा, तो झाला नाही. पंच आले, बुटाच्या टाचेनं माती दाबून पाहिली आणि परत गेले. सातला परत आले, परत टाच. आमच्या मागे बसलेला एक जण म्हणाला, "घर घेताना माझा सासराही असाच भिंतीवर टिचक्या मारून राह्यला होता. शेवटी भाड्यानंच राह्यलो." वर आभाळ निरभ्र, चांदण्या दिसताहेत, आणि सामना पाण्यामुळे अडलेला. पाऊस आदल्या दिवसांतला होता. आम्ही तो व्याजासकट फेडत होतो.

मग सुपर सॉपर फिरू लागला. स्पंजचं मोठं पिंप लावलेली ती गाडी इकडून तिकडे जायची, पाणी पिळायची, पुन्हा यायची. पहिली पंधरा मिनिटं लोकांनी शिव्या दिल्या. अर्ध्या तासानं कोणीतरी टाळी वाजवली. पाऊण तासानं ती गाडी आमच्या स्टँडसमोर वळली की सगळा स्टँड उभा राहायचा. "सॉ-पर! सॉ-पर!" चालवणाऱ्यानं एकदा हात हलवला तेव्हा जो आवाज झाला, तो पुढे रोहित शर्मालाही मिळाला नाही असं माझं मत आहे. मध्येच भुसा पसरायला माणसं आली, तर मागून ओरडा, "भाऊ, पानी काढून राह्यले का कुस्ती लावून राह्यले?" मेक्सिकन वेव्ह चार वेळा फिरली. तिसऱ्या वेळी मी उठलो नाही, तर एका आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी राष्ट्रगीताला बसून राहिलो होतो.

चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, फुटबॉल असता तर चिखलात पण खेळले असते."

शेवटी सव्वानऊला टॉस, साडेनऊला सामना. आठ-आठ षटकांचा. दोनशे चाळीसमधून शहाण्णव उरले. आठ षटकं म्हणजे काय ते प्रत्यक्ष बसल्याशिवाय कळत नाही. बूड टेकवून नीट बसतो न बसतो तो बुमराहनं फिंचचा त्रिफळा उडवला होता, आणि अरे वा म्हणेपर्यंत मॅथ्यू वेडनं शेवटच्या षटकात हर्षल पटेलला तीन षटकार ठोकून नव्वदचा आकडा लावला होता. मध्यंतरात मी समोशाच्या रांगेत लागलो. रांग हलली नाही, पण भारताची फलंदाजी सुरू झाली. भिंतीपलीकडे आवाज उठायचा आणि आम्ही रांगेतले लोक आवाजाच्या जाडीवरून अंदाज करायचो, चार की सहा. मग एकदा "ओऽऽ" झालं, आणि लगेच दुसऱ्यांदा. त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात मला तेल तडतडताना ऐकू आलं. लागोपाठच्या दोन चेंडूंवर झाम्पानं आधी कोहली आणि मग सूर्यकुमार यांना काढलं होतं. मी दोन समोसे घेऊन धावत आलो. एकावर पावसाळी किडा बसला होता, तो मी अंधारात बाजूला केला. केला असावा.

पण रोहितनं धुतलं. वीस चेंडूंत नाबाद 46. शेवटच्या षटकात नऊ हवे होते. दिनेश कार्तिकनं एक षटकार, एक चौकार मारला आणि चार चेंडू राखून विषय संपवला. अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. चिरंजीवांनी, ज्यांचा धर्म फुटबॉल, शेजारच्या आजोबांना उचललं.

बाहेर शेतात आमची गाडी बसली होती. उभी नव्हती, बसली होती. मागची चाकं अर्धी जमिनीत. तासाभरानं एक ट्रॅक्टरवाला आला. "साहेब, काळी माती हाय. जोडासुद्धा ठेवून घेते." तीनशे रुपये घेतले, दोर बांधला, गाडी काढली, आणि मग विचारलं, "कोन जितलं?" घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. शेजारचे काका गॅलरीत जागेच. म्हणाले, "मस्त झाली हो मॅच! पण तुम्ही काही दिसला नाहीत."

सकाळी वही उघडली गेली. तिकिटं, पेट्रोल, पार्किंग, टी-शर्ट, तिरंगे, पाणी, समोसे, ट्रॅक्टर : 6,440. चेंडू ऑस्ट्रेलियाचे 48, आपले 44. सत्तर रुपयाला एक. मी म्हटलं, वाइड धरले तर भाव उतरेल. "आणि समोशाच्या रांगेतले चेंडू वजा केले तर चढेल," ती म्हणाली. विषय संपला.

डिसेंबरात चिरंजीवांनी सूड घेतला. कतारमधली फुटबॉलची फायनल आम्ही सोफ्यावर पाहिली. मेस्सीचे दोन, एम्बापेचे तीन, 3-3, एकशेवीस मिनिटं आणि वर पेनल्टी. खर्च अर्धा किलो चिवडा. तेव्हापासून त्यांचा हट्ट की 2026ची फायनल प्रत्यक्ष पाहायची, 19 जुलैला न्यू जर्सीत. तिथे तिकिटांचे भाव मागणीप्रमाणे वरखाली होतात, कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे होतात तसे. बायकोनं त्यासाठी वहीचं नवीन पान काढलं, वर "अमेरिका" लिहिलं आणि खाली काहीच लिहिलं नाही. रकान्यात आकडा मावत नव्हता, असं तिचं म्हणणं.

मग 2025 उजाडलं आणि फायनल स्वतःच जामठ्याला आली. रणजी करंडक, विदर्भ विरुद्ध केरळ. पाच दिवस, आणि मला एकही रजा नाही. शनिवारी, 1 मार्चला, मी ऑफिसात मान मोडून बसलो होतो. आपल्याकडे पहिल्या डावाची 37 धावांची आघाडी, करुण नायर शंभरीच्या जवळ, मोबाइल टेबलाखाली. त्यानं शंभर केले आणि मोसमातलं नववं शतक म्हणून नऊ बोटं दाखवली. तेवढ्यात फोन वाजला. बायको. मागे ढोल, शिट्ट्या.

"कुठे आहेस?"

"जामठ्याला. बाबांना घेऊन आले. बसून बसून सत्त्याऐंशीच सांगत होते, म्हटलं चला. ऐका, मॅच लावली आहे का?"

"लावली आहे."

"डाव्या बाजूच्या स्टँडमध्ये पाहा. पिवळी ओढणी. आम्ही दिसतोय का?"

मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. कॅमेरा फिरला. पुष्कळ मोकळ्या खुर्च्या, त्यांच्यात एक पिवळा ठिपका, आणि शेजारी तोंडावर पेपर घेऊन झोपलेला एक म्हातारा.