गॉब्लिनची गचांडी

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत काल्पनिक साहसे खेळण्याचा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावी जन्मला आणि माझ्या दुर्दैवाने मी त्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, मिलवॉकीत राहतो. पेशाने हिशेबनीस असल्यामुळे आकडेमोड मला सोपी जाईल, असे सांगून शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी मला त्यांच्या घरच्या शनिवारच्या डावात ओढले. डन्जन मास्टरच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या पंचाच्या, खुर्चीत त्यांचा जावई होता, म्हणजे जावयाला मानाची जागा देण्याची रीत तिकडेही असावी.

माझे पात्र पहिल्या पातळीचे लढवय्ये होते. समोरून किल्ली घेऊन एक गॉब्लिन, म्हणजे खेळातला एक बुटका राक्षस, पळत होता. मी म्हणालो, “मी त्याची गचांडी धरतो.” एवढे बोलून मी फासा उचलला आणि तो पुढचे सव्वा दोन तास माझ्या मुठीतच राहिला.

जावयाच्या मते प्रश्न सोपा होता, कारण आमचा डाव नियमांच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनुसार चालला होता: दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा, मी माझ्या ताकदीचे आणि प्रावीण्याचे मिळून पाच मिळवायचे, गॉब्लिनने चपळाईचे दोन, आणि ज्याची बेरीज मोठी त्याची सरशी. त्यावर जावयाची मुलगी, “बाबा, ते जुने झाले,” असे म्हणाली. २०२४ च्या सुधारित नियमांत मी फासा टाकायचाच नाही. आठ अधिक माझी ताकद अधिक माझे प्रावीण्य मिळून तेरा होतात आणि तेवढे गाठून गॉब्लिनने स्वतःच निसटायचे. म्हणजे गचांडी मी धरायची आणि घाम त्याने गाळायचा. मला हा नियम मनापासून आवडला.

जावयाच्या पत्नी २००३ च्या साडेतीन आवृत्तीवर वाढलेल्या होत्या. (आवृत्तीला अपूर्णांक कसा असतो, हे विचारण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.) त्यांच्या पोथीप्रमाणे मी हात पुढे करताच गॉब्लिनला माझ्यावर एक फुकटचा वार मिळतो आणि तो लागला, तर माझा प्रयत्न तिथेच फसतो. वार चुकलाच, तर आधी त्याला नुसता स्पर्श करण्यासाठी एक फासा, मग पकडण्यासाठी दोघांचा एकेक. शिवाय गॉब्लिन आकाराने लहान, म्हणून त्याचे चार वजा. एवढे सगळे जमल्यावर मी पटावरच्या त्याच्या चौकोनात जाऊन उभे राहायचे. आमच्या ऑडिटला यापेक्षा कमी सह्या लागतात.

तोवर सासरेबुवा आतून १९७९ चे पुस्तक घेऊन आले होते. त्यात झोंबाझोंबीचा हिशेब टक्केवारीत होता आणि त्याआधी कवचाचा आकडा समजून घेणे भाग होते. त्या काळी कवच जितके भक्कम तितका आकडा लहान: उघड्या अंगाला दहा, धातूच्या पत्र्याच्या चिलखतावर ढाल घेतली की दोन, आणि जादूच्या जोरावर शून्याच्याही खाली. वजा आकडा नफ्याच्या बाजूला लिहिलेला मी नोकरीत कधी पाहिलेला नाही. निदान कायदेशीर कागदांत तरी नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही उतरंड उलटी केली आणि मोठा आकडा चांगला ठरवला. तो दिवस सासरेबुवांनी अजून मनाला लावून घेतलेला आहे.

लहानपणी आमच्या घरी एकादशी स्मार्त की भागवत यावर असाच वाद होई. दोन्ही पक्षांकडे छापील आधार असे, आणि दोन्ही दिवशी साबुदाण्याची खिचडी मिळे, म्हणून मला तक्रार नसे. इथे मात्र चार आधार होते आणि पोटात काहीच नव्हते.

शेवटी मी लॅपटॉप उघडून चारही आवृत्त्यांचा तुलनात्मक तक्ता केला. त्यातून निघाले एवढेच, की गचांडी सर्वांत स्वस्त २०२४ मध्ये पडते. तक्ता पाहून नात खूश झाली, आजोबांनी चश्मा काढून ठेवला आणि जावयाने कोणाकडेही न पाहता फासे पुसायला घेतले. घरात तंटा नको, म्हणून मी म्हणालो, “राहू द्या. मी त्याला धरत नाही. किल्ली दे बाबा, अशी नुसती विनंती करतो.”

सासरेबुवांचा चेहरा उजळला. परका प्राणी समोर आला की त्याची वृत्ती कशी ठरवायची, याचा १९७४ च्या पुस्तिकेत सहा बाजूंच्या दोन फाशांचा एक सुरेख तक्ता आहे, असे सांगत ते पुन्हा आतल्या खोलीकडे निघाले. “पण आता ते वेगळे आहे!” म्हणत नात टॅबलेट शोधू लागली. मी एक्सेलमध्ये दुसरे पान उघडले.