लेखकाची कुटी नव्हे, सेलरीचं शेतघर

लेखकाने रानात लाकडी घर बांधलं की आपण लगेच त्याची कुटी करतो आणि लेखकाचा ऋषी. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीजवळ वेस्ट पार्कला निसर्गलेखक जॉन बरोज यांचं 'स्लॅबसाइड्स' हे असंच एक घर आहे. तिथे जाऊन आलेली आपली मंडळी हमखास याच सुरात बोलतात. मला ते पटत नाही.

बरोज शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८३७चा, कॅट्सकिल डोंगरातल्या रॉक्सबरीचा. बँकांची दप्तरं तपासायची सरकारी नोकरी केली, नदीकाठी 'रिव्हरबी' हे दगडी घर बांधलं, द्राक्षं लावली. मग मैल-दीड मैलावरच्या टेकडीमागची दलदल घेतली. चर खणून पाणी काढलं आणि त्या काळ्याभोर, भुसभुशीत मातीत सेलरी, म्हणजे देठ खायची भाजी, लावली, विकण्यासाठी! हौसेची कुंडी नव्हे. सेलरीला माती सकस लागते आणि ओल कायम लागते. शिवाय देठ पांढरे, कोवळे राहावेत म्हणून त्या काळी भर घालून ते झाकत. कंबर मोडणारं काम. त्या शेताला लागूनच १८९५-९६ मध्ये मुलगा ज्युलियनसोबत त्यांनी हे घर उभं केलं.

लांबून ओंडक्यांचं दिसतं. जवळ गेलं की कळतं, बाहेरून सालीसकट फळ्या ठोकल्यात. ओंडका चिरताना पहिली निघते ती, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने गोलसर. गिरणीत तिला फारशी किंमत नसते. कुणी याला नकली लॉग केबिन म्हणेल. मला तर हा अस्सल शेतकरी हिशेब वाटतो.

आणि एकांत? कसला एकांत! नदीपलीकडच्या व्हासर कॉलेजच्या मुली यायच्या, निसर्गलेखक जॉन म्यूर येऊन गेले, १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट सपत्नीक जेवायला आले.

१९६८ मध्ये या घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. योग्यच झालं. पण या कुटीचं कौतुक करताना अर्सुलाबाईंचं नाव कुणी घेत नाही. बरोजांची पत्नी. टापटिपीची भारी आवड, आणि इकडे नवरा सालीच्या घरात पाहुणे जमवून बसलेला! रिव्हरबीचा संसार त्यांनीच सांभाळला. १९१७ साली त्या गेल्या, बरोज १९२१ मध्ये. बरोजांवर भरपूर लिहिलं गेलंय. मला या बाईंची बाजू वाचायची आहे.